कल्लाप्पाण्णांचा काटा

कल्लाप्पाण्णांचा टाकीच्या काट्यावर भारी राग. जीपच्या डॅशबोर्डवर बाकी काहीही बंद पडलेलं त्यांना चालायचं, पण पेट्रोल किती उरलं ते दाखवणारा तो काटा दिसला की तोंड वाकडं व्हायचं. "गेल्यावर सांगतोय ह्यो, गेलं म्हणून," म्हणायचे. "गेलेलं सांगायला काटा कशाला पायजे? जाताना सांग की मर्दा!" आणि खरोखरच त्या काचेवर टिचकी मारायचे. मला वाटायचं, माणूस जरा सटकलेला आहे. पुढं कळलं की ही स्वारी सटकलेली नव्हती, उलट आमच्या सगळ्यांच्यापेक्षा ताळ्यावर होती ती एकटीच.

सत्तरच्या दशकात मी बेळगावातल्या एका धर्मादाय दवाखान्यात नर्स म्हणून लागले. दवाखान्याची एक जीप होती आणि त्या जीपच्या ठरलेल्या लाइनी होत्या. सोमवारी कंग्राळीकडं, मंगळवारी काकतीकडं, असं करत करत गुरुवारी नंदगड लाइन. जीपमध्ये डॉक्टर, मी, औषधांची लोखंडी ट्रंक आणि चालवायला कल्लाप्पाण्णा. मी मूळची निपाणीची. आई तंबाखूच्या वखारीत निवडणीला जायची आणि आमच्या बुद्धविहाराच्या गल्लीतली पहिली नर्स मी. त्यामुळं नोकरीवर जाताना मान जरा जास्तच ताठ असायची आणि जीभ त्याहून तिखट. कुणी काही बोलायच्या आतच मी बोलून मोकळी व्हायची.

पहिल्याच दिवशी दुपारी झाडाखाली डबे उघडले. कल्लाप्पाण्णा कंग्राळीचे, शेतकरी घरातले, वयानं माझ्या वडिलांएवढे. मी आपली जरा लांब बसले होते. हे उठले, माझ्या शेजारी येऊन बसले, माझ्या डब्यातला झुणका न विचारता आपल्या भाकरीवर वाढून घेतला आणि म्हणाले, "मीठ कमी पडलंय सिस्टर." सीमाभागात तेव्हा ही गोष्ट लहान नव्हती. मी म्हणाले, "उद्या जास्त घालते." एवढंच. त्या दिवसापासून मी त्यांना अण्णा म्हणायला लागले आणि त्यांच्यावर ओरडायलाही लागले.

अण्णा अनवाणी गाडी चालवायचे. चपला काढून सीटखाली, शेजारी शेजारी, देवळाबाहेर ठेवाव्यात तशा. डॉक्टर एकदा म्हणाले, "अहो, बूट घाला, मिल्ट्रीत होता ना तुम्ही?" अण्णा म्हणाले, "मिल्ट्रीत पेट्रोल सरकारचं हुतं साहेब. बुटातनं पायाला काय कळत न्हाय." ते लष्करात ड्रायव्हर होते, लवकर सुटून आले होते. बोलणं कमी. रोज सकाळी नमस्कार-चमत्कार काही नाही, "गाडी तयार हाय" एवढं एकच वाक्य. कुणी कशाचीही बढाई मारली, म्हणजे माझा पोरगा पहिला येणार किंवा अमक्याचा बैल शर्यत मारणार, तर ह्यांचं उत्तर ठरलेलं: "चढ आला की कळंल."

आणि आणखी एक. प्रत्येक गावातून निघताना, गाडी चालू केल्यावर, बाहेर डोकं काढून तिथं जी कोण बाई, म्हातारी, पोरगं उभं असेल त्याला सांगायचे, "फुडच्या गुरुवारी येतो." मंगळवारच्या गावाला मंगळवारी, गुरुवारच्याला गुरुवारी. डॉक्टर नाही सांगायचे, मी नाही सांगायची. सांगायचा ड्रायव्हर.

ह्याचं कारण मला वाडीत कळलं. नंदगडच्या पुढं दोन कोसांवर डोंगराच्या अंगाला एक वस्ती होती, आम्ही तिला नुसतं वाडी म्हणायचो. नंदगड लाइनचं ते शेवटचं टोक. मी लागायच्या आधी एकदा वाटेत जीपच्या स्प्रिंगचा पाटा तुटला आणि फेरी चुकली. अण्णा दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी सायकलवरून सांगायला गेले तर कळलं, बायका दिवस मावळेस्तोवर बसून होत्या. आजूबाजूच्या वस्त्यांतून कडेवर पोरं घेऊन चालत आल्या होत्या, जीप येईल म्हणून कुणी उठली नव्हती. "बसत्यात हो सिस्टर," अण्णा मला म्हणाले. "न्हाय येत म्हणून कुणी सांगितलं न्हाय तर माणसं बसून ऱ्हात्यात. लई वाईट वाटतंय ते." त्या वस्तीला दुसरा दवाखाना नव्हता, दुसरी गाडी नव्हती. गुरुवार होता, तेवढाच.

आणि नेमका तोच गुरुवार जायची वेळ आली. पेट्रोलचे भाव असे काही कडाडले की शहरातल्या मोठमोठ्या माणसांनी मोटारी शेडमध्ये लावून सायकली काढल्या. आमचे सेक्रेटरी म्हणजे निवृत्त हेडमास्तर, कन्नड बोलणारे, सचोटीचे, पण खडूपेक्षा कोरडे. त्यांनी आम्हाला बोलावून घेतलं आणि सांगितलं की ट्रस्टला झेपत नाही, सगळ्यात लांबची लाइन बंद करावी लागेल. म्हणजे नंदगड. मी तोंड उघडलं. मला बसायला सांगण्यात आलं. डॉक्टर हळहळले. अण्णा फक्त "हौद्री" म्हणाले, कन्नडमध्ये होय म्हणतात तसं, आणि मग शांतपणे विचारलं, "पंधरा दिवस थांबशीला का? त्येवढ्यात मी कायतरी करतो." सेक्रेटरी थांबले. का थांबले कुणास ठाऊक. बहुधा हेडमास्तरांना मुदत मागणारा विद्यार्थी आवडतो.

आता हा माणूस काय करणार, असं मला वाटलं. तर रविवारी हे कॅम्पाच्या बाजूला भंगारवाल्यांच्या दुकानांत गेले. तिथं लष्कराचा जुना माल लिलावातून येऊन पडलेला असायचा. सोमवारी माझ्यासमोर एक गोल घड्याळासारखं काहीतरी ठेवलं. एकच काटा आणि काचेला तडा. "सिस्टर, तुमच्याकडं रबराची नळी मिळंल का, बीपीच्या यंत्राला असतीया तसली?" मी म्हणाले, "कशाला? जीपचं बीपी बघणार का?" तर म्हणाले, "व्हय."

आणि ते अगदी खरं होतं! मला त्यांनी बॉनेट उघडून समजावलं. इंजिन हवा ओढतं, त्या ओढीचा जोर हे घड्याळ दाखवतं. पाय हलका असला की ओढ चांगली, काटा वर. पाय दाबला की ओढ तुटते, काटा खाली पडतो, आणि काटा पडला म्हणजे समजायचं की ह्या घटकेला पेट्रोल भसाभसा चाललंय. "टाकीचा काटा काय सांगतोय? काल किती खाल्लं. ह्यो सांगतोय आत्ता घास केवढा घेतलास. घास तोंडात असतानाच कळलं तर बारका घेता येतोय." जीपचे वायपर ह्याच ओढीवर चालायचे. अण्णांनी वायपरच्या नळीला फाटा काढला, दवाखान्यातली एक जुनी नळी लावली आणि घड्याळ डॅशबोर्डवर स्टिअरिंगच्या पुढ्यात तारेनं बांधलं. काचेवर वरच्या अर्ध्या भागाला हिरव्या रंगाची रेघ, खालच्याला तांबडी. हिरवा रंग कुणाच्या तरी खिडक्यांचा उरलेला होता.

पहिले दोन दिवस अण्णा लहान पोरागत खूश. काटा हिरव्यात ठेवायचा म्हणून गाडी अशी चालवायचे, की जणू मांडीवर झोपलेलं बाळ आहे. तिसऱ्या दिवशी खानापूरच्या अलीकडं, भर सकाळी, लख्ख उजेडात, सरळ रस्त्यावर, आमची जीप कडब्यानं भरलेल्या उभ्या बैलगाडीत जाऊन घुसली. वेग फार नव्हता म्हणून बरं. कुणाला लागलं नाही, पण डॉक्टर आणि मी कडब्याखाली. कडबा बाजूला करत गाडीवान आला आणि म्हणाला, "काय रं, झोपलतास का?"

अण्णा म्हणाले, "न्हाय. पेट्रोल वाचवत हुतो."

गाडीवानानं आमच्या तिघांकडं आळीपाळीनं बघितलं. आपण ज्यांच्याकडून आतापर्यंत गोळ्या घेतल्या ते हेच लोक का, असं त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. मी जे बोलले ते इथं लिहीत नाही. अण्णा खाली मान घालून ऐकून घेत होते. दोन डोळे आणि दोन्ही त्या काट्यावर! रस्ता कुणी बघायचा, ह्यांच्या आज्ज्यानं?

दुसऱ्या दिवशी बघते तर घड्याळ हललं होतं. स्टिअरिंगच्या पुढ्यातून काढून पार डाव्या टोकाला, माझ्या गुडघ्यासमोर. "मी रस्ता बघतो," अण्णा म्हणाले. "तुमी काटा बघा. पडला की सांगा."

"मी काय तुमची कंडक्टर आहे का?"

"कंडक्टर न्हाय. तुमाला ओरडायला आवडतंय, म्हणून म्हटलं."

झालं. त्या दिवसापासून माझ्या तोंडाला काम लागलं. "पडला!" "अण्णा, पडला!" "हिरवा, हिरवा, ठेवा तसाच!" मधे डॉक्टर, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला अण्णा. चढ लागायच्या आधीच गाडीला थोडी गती द्यायची, चढावर पाय न दाबता तिला आपल्या चालीनं वर जाऊ द्यायचं, पुढं बैलगाडी दिसली की लांबूनच पाय काढायचा म्हणजे ब्रेक लावावा लागत नाही. हे सगळं मी गाडी न चालवता शिकले. आठवडाभरात अशी वेळ आली की मी तोंड उघडायच्या आत त्यांचा पाय उचललेला असायचा.

डॉक्टरांचा मात्र ह्या काट्यावर विश्वास बसेना. तिशीतला माणूस, हुशार, मनानं उमदा, पण अंगात घाई. परतीच्या वाटेवर अधूनमधून ते स्वतः स्टिअरिंग घ्यायचे, आणि मग काटा तांबड्यात जाऊन पडायचा आणि मी इमानेइतबारे ओरडायची, "पडला!" तीनदा ऐकून घेतलं. चौथ्यांदा चिडले. "सिस्टर, ह्या डबड्याला काही अर्थ नाही. सगळा मनाचा खेळ आहे. पेट्रोल लागतं तेवढं लागतंच."

अण्णा म्हणाले, "चढ आला की कळंल."

आणि त्यांनी कळवलं. सलाइनची एक रिकामी काचेची बाटली घेतली, तीत पेट्रोल भरलं, सलाइनच्या स्टँडला टांगून जीपमध्ये उभी केली आणि टाकीची नळी काढून त्या बाटलीची नळी इंजिनाला लावली. ऐकायला भयंकर वाटतं आणि होतंही भयंकर. आज कुणी असं करायला निघालं तर मी त्याचा हात धरीन. पण तेव्हा काकतीच्या पुढच्या हमरस्त्यावर आमची जीप सलाइन लावून उभी होती आणि मागच्या सीटवर सेक्रेटरी हातात छत्री घेऊन बसले होते. अण्णांनी त्यांना मुद्दाम बोलावून आणलं होतं. आधी डॉक्टरांनी चालवायचं, बाटली संपून गाडी बंद पडेल तिथं दगडावर खूण करायची. मग परत येऊन तेवढंच पेट्रोल, तोच रस्ता, अण्णांनी चालवायचं.

डॉक्टरांची गाडी एका वडाच्या अलीकडं गचके देत बंद पडली. अण्णांची पाळी आली. मी काट्यावर. वड आला, वड गेला. मी मागं वळून सेक्रेटरींकडं बघितलं, ते बाटलीकडं बघत होते. त्यानंतर एक मोरी गेली, एक देऊळ गेलं, बाटलीच्या तळाशी बोटभर शिल्लक. एक उसाचं शेत अख्खं मागं पडलं तेव्हा गाडी थांबली. डॉक्टरांनी हात जोडले, मोठ्या मनाचा माणूस तो. म्हणाले, "हरलो. मला शिकवा." सेक्रेटरी उतरले, वडापासून आमच्यापर्यंतचं अंतर पायानं चालत मोजून आले, घाम पुसला आणि तिथंच रस्त्यात उभं राहून निकाल दिला. नंदगड लाइनला पुढच्या महिन्यात पंचेचाळीस लिटर. त्यात चारही गुरुवार झाले तर लाइन चालू राहील. एक जरी हुकला तर बंद.

पूर्वीच्या चालवण्यानं पंचेचाळीस लिटरमध्ये तीनच फेऱ्या व्हायच्या. आता एका फेरीला अकरा लागत होते. चार फेऱ्यांना चव्वेचाळीस. म्हणजे वर एक लिटर. त्या एका लिटरवर वाडीचा गुरुवार टांगलेला होता आणि आम्हा तिघांनाही दुसरं काही सुचत नव्हतं. मी घरी निपाणीला गेले तरी बसमध्ये ड्रायव्हरच्या पायाकडं बघायची.

पहिला गुरुवार झाला, अकरा. दुसरा झाला, अकरा. नंदगडचं पेट्रोल गुरुवारपुरतं टाकीत, एरवी वेगळ्या डब्यात; अण्णा टाकीत लाकडी पट्टी बुडवून मापायचे, त्यांनीच खुणा केलेली. तिसऱ्या गुरुवारी वाडीत पोचलो, ट्रंक उतरवली, पाच-सहा रोगी तपासून झाले, तोच चार माणसं एका बाईला घोंगडीत घालून घेऊन आली. पहिलटकरीण, रात्रभर कळा देत होती आणि बाळ आडवं. डॉक्टरांनी हात लावला आणि माझ्याकडं बघितलं. बेळगावला नेऊन पोट उघडल्याशिवाय दोघंही वाचणार नव्हती.

तिला आत घेतलं, तिच्या सासूला घेतलं, डॉक्टर मागं तिच्याजवळ बसले. समोर तपासायचे राहिलेले तीस-चाळीस लोक उभे. अण्णांनी गाडी चालू केली, डोकं बाहेर काढलं. म्हणाले, "फुडच्या गुरुवारी येतो." आणि पाय दाबला.

अशी जीप मी त्यांना कधी चालवताना बघितली नव्हती. वाडीचा उतार संपला, नंदगड गेलं, खानापूर गेलं. सवयीनं माझं लक्ष घड्याळाकडं गेलं. काटा तांबड्याच्या तळाला चिकटून बसला होता, मेल्यासारखा. माझ्या तोंडून निघालंच, "अण्णा, पडला."

ते समोर बघत म्हणाले, "सिस्टर, आज काट्याकडं बघू नका. बाईकडं बघा."

मला माझीच लाज वाटली. मागं वळून तिचा हात धरला तो बेळगाव येईपर्यंत सोडला नाही. दुपारी दोनच्या सुमाराला मुलगी झाली. आई वाचली, लेक वाचली. मी बाहेर येऊन अण्णांना सांगितलं तेव्हा ते दवाखान्याच्या नळावर पाय धूत होते. "बरं झालं," म्हणाले, आणि नळ बंद करायचं विसरून तसेच उठले.

मग पट्टी बुडवली. आठ लिटर.

गुरुवार एक, पेट्रोल आठ, लागणार अकरा. मी म्हणाले, "अण्णा, तीन लिटर मी घालते. कुणाला कळणार आहे?" तर माझ्याकडं असे बघायला लागले, की मी औषधात पाणी घालू का विचारलंय. "मला कळंल की," म्हणाले. "सेक्रेटरीला पंचेचाळिसात करतो म्हणून सांगितलंय. बाटली बघून इश्वास ठेवला त्या माणसानं." मी चिडले. म्हणाले, तुमचा शब्द धरून बसा आणि तिकडं बायका बसून राहतील संध्याकाळपर्यंत. हे मी त्यांना लागावं म्हणूनच बोलले होते आणि त्यांना लागलं. शेडमध्ये जाऊन पट्टी धरून उभे राहिले.

बुधवारी सकाळी आले ते हसतच. "सिस्टर, नंदगडपर्यंत जाऊन परत यायला आठच लागत्यात. बाकीचे तीन जात्यात त्या वरच्या दोन कोसांत, चढ हाय, वाट खराब हाय, फस्ट-सेकंडात वढायला लागतंय म्हणून. काट्यानंच दाखवलंय की आपल्याला, तिथं कवाच हिरवा हुत न्हाय."

"मग?"

"मग काय? जिथवर पेट्रोल तिथवर गाडी. त्येच्या फुडं पाय हाईत की."

चौथ्या गुरुवारी जीप नंदगडात एका ओळखीच्या दारात लावली. अण्णांनी औषधांची ट्रंक डोक्यावर घेतली, चुंबळ माझ्या जुन्या ॲप्रनची. डॉक्टरांच्या हातात बीपीचं यंत्र आणि पिशवी, माझ्याकडं इंजेक्शनांचा डबा. डॉक्टर कुरकुरतील असं मला वाटलं होतं, पण पठ्ठ्या बूट कचकचवत पुढं निघाला. पहिल्याच चढाला तरातरा वर गेला आणि मधेच कमरेवर हात ठेवून धापा टाकायला लागला. अण्णा एका चालीनं, न थांबता, ट्रंकेसकट त्यांच्या शेजारून गेले आणि जाता जाता म्हणाले, "डॉक्टर, काटा पडला बघा तुमचा." मला इतकं हसू आलं की इंजेक्शनांचा डबा खाली ठेवावा लागला.

वाडीत पोचायला ऊन कलायला लागलं. नेहमीच्या वेळेपेक्षा दोन तास उशीर. चिंचेखाली माणसं होती. एकही उठून गेलं नव्हतं. एक म्हातारी म्हणाली, "गाडीचा आवाज न्हाय आला, म्हटलं आता येत न्हायत." "मग उठून का गेला न्हाईसा?" मी विचारलं. तिनं हात अण्णांकडं केला. "त्येनं येतो म्हणून सांगितलतं न्हवं?"

त्या दिवशी दिवस मावळेपर्यंत रोगी तपासले आणि चालत खाली आलो. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींनी टाकीत पट्टी घातली तर कोरडीच वर आली. त्यांनी कन्नडमध्ये विचारलं, चारही गुरुवार झाले? अण्णा म्हणाले, "हौद्री." तिसऱ्या फेरीतलं सगळं सेक्रेटरींना माहीत होतं, मग चौथी कशी झाली? डॉक्टरांनी बूट काढून पाय पुढं केला. टाचेला रुपयाएवढा फोड. हेडमास्तरांनी वाकून तो फोड बघितला. मग म्हणाले की पुढच्या महिन्यापासून अठ्ठेचाळीस लिटर, वरचे तीन अडीअडचणीला. आणि आत निघून गेले. त्यांचे डोळे भरले होते असं मी म्हणेन, डॉक्टर म्हणतात की छे, काहीतरीच.

नंदगड लाइन चालू राहिली. त्या काट्याची बातमी स्टँडवर पोचली आणि टॅक्सीवाले बघायला यायला लागले. काही हसले, काहींनी तसलाच बसवून घेतला. आमच्याकडं तेव्हा एक खुळी पद्धत होती, निपाणीजवळ तवंदीच्या घाटात उतार लागला की इंजिन बंद करून गाडी सोडून द्यायची. पेट्रोल वाचतं म्हणून फुशारकी. अण्णांना त्याची भयंकर चीड. "वाचवायचं ते चढाला वाचव," असं खडसावून सांगायचे. "उताराला जीव वाचव. जीव कुठल्या पंपावर मिळत न्हाय." दोघा-तिघांना तर त्यांनी स्टँडवर सगळ्यांदेखत झापलं होतं.

आता माझ्या भाच्याच्या गाडीत समोर आकडे पळत असतात, ह्या क्षणाला लिटरमागं किती किलोमीटर. तो म्हणतो, मावशी, ते शोभेचं असतं, कुणी बघत नाही. मी म्हणते, बघ रे बाबा, चार महिने बघ. नुसता बघत बसू नकोस, नाहीतर कडब्यात जाशील. पण बघ. त्यानं गाडी सुधारत नाही, पाय सुधारतो. एकदा पाय शहाणा झाला की मग आकडा झाकून ठेवलास तरी चालेल. हे मला कुणी पुस्तकातून शिकवलेलं नाही, माझ्या डोळ्यांसमोर झालेलं आहे. शेवटच्या वर्षांत मी "पडला" म्हणायचं विसरूनच गेले होते, कारण पडायचाच नाही.

ऐंशीनंतर अण्णा निवृत्त झाले. नवी डिझेलची जीप आली, तिच्या इंजिनाला ती तसली ओढच नसते म्हणून काट्याचा उपयोग नव्हता. अण्णांनी तो सोडवून घरी नेला. नवा ड्रायव्हर आला, सेक्रेटरीही नवे आले. मग दोन-तीन वर्षांनी पुन्हा तीच कुजबुज सुरू झाली, खर्च फार, नंदगड लाइन बंद करणार. अजून काही ठरलेलं नव्हतं. आम्ही आपले जात होतो.

अशाच एका गुरुवारी वाडीत पोचलो तर बायकांच्या रांगेच्या शेवटाला, दगडावर, कल्लाप्पाण्णा बसलेले. बरेच वाळले होते. मला वाटलं आजारी आहेत, म्हणून धावले. "काय झालं अण्णा? कुठं दुखतंय?"

"कुठं काय? लाइन बंद केली म्हणून कंग्राळीत ऐकलं. म्हणून बघाय आलतो."

"बघायला? बेळगावात दवाखान्यात विचारायचं की! मला विचारायचं!"

"तिथं विचारून काय कळतंय? सांगणारे कायबी सांगत्यात." त्यांनी आमच्या जीपकडं, मग रांगेकडं बघितलं. "आलासा न्हवं? मग बरं झालं."

नंदगडपर्यंत बस, पुढं दोन कोस चालत, त्या वयात, जीप येते की नाही एवढंच बघायला! मला राग आला आणि भरूनही आलं. मी त्यांचं बीपी घेतलं, दुसरं काही सुचलं नाही म्हणून. म्हणाले, "काटा काय म्हणतोय?" मी म्हणाले, "गप बसा." तपासण्या अर्ध्यावर असताना ते उठले, बस गाठायची आहे म्हणाले. मी दटावलं, "कुठं निघालात? आमच्याबरोबर जीपमधून चला. तासाभरात निघतोच आहोत."

"नगं," ते म्हणाले. "जागा हाय, ठाऊक हाय. पण माझ्या वजनाचं डिझेल कशाला जाळता? कोट्याचं चाललंय न्हवं तुमचं?"

किती समजावलं, ऐकलं नाही. गेले चालत.

तासाभरानं आम्ही निघालो. नंदगडच्या अलीकडं एक छोटा खडा चढ आहे, तिथं ते दिसले. पाठमोरे, रस्त्याच्या कडेनं, एका चालीनं. नव्या ड्रायव्हरनं त्यांना ओळखलं आणि थांबायला म्हणून पाय उचलला. आवाज बदलल्याबरोबर अण्णांना कळलं. मागं वळूनही न बघता त्यांनी हात वर केला आणि जोरजोरात हलवला, चल, चल, चढावर थांबवू नको. मी ड्रायव्हरला म्हणाले, जाऊ दे. त्यांच्या शेजारून जाताना मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि ओरडले, "अण्णा, फुडच्या गुरुवारी येतो!" ते हसले की नाही, धुरळ्यात दिसलं नाही. हात मात्र वरच होता.